विनंती हाताळणे आणि पान तयार करणे वेगळे का ठेवावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत जिनिंग, डाळ मिल, केळीचे व्यापारी, पतपेढ्या आणि बाजार समित्या यांच्यासाठी वेब ॲप्लिकेशन लिहिणाऱ्या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. उदाहरण शक्यतो एकच ठेवले आहे, ते म्हणजे एखाद्या जिनिंगचे कापूस खरेदीचे ॲप्लिकेशन. शेतकरी कापूस मोजायला आणतो, भरलेल्या गाडीचा काटा होतो, कापूस गंजीवर उतरल्यानंतर रिकाम्या गाडीचा काटा होतो, ओलावा पाहून कटती ठरते आणि शेवटी हिशोबपट्टी हातात पडते. जॅंगो, रेल्स, लारावेल, स्प्रिंग यांपैकी कोणतेही फ्रेमवर्क (वेब ॲप्लिकेशनचा तयार सांगाडा) वापरत असलात, तरी खालील बहुतेक मजकूर लागू पडेल.

विनंती हाताळणे आणि पान तयार करणे यांत नेमका फरक कोणता?

ब्राउझरकडून विनंती आली की सर्व्हरला आधी काही गोष्टी ठरवाव्या लागतात. विनंती करणारा कोण आहे, त्याला हे काम करण्याचा अधिकार आहे का, वजनाच्या रकान्यात खरोखर आकडा आहे का, रिकाम्या गाडीचे वजन भरलेल्या गाडीपेक्षा जास्त तर भरलेले नाही ना, नोंद करायची की नाकारायची, आणि अखेरीस उत्तरादाखल पान द्यायचे, दुसऱ्या पत्त्याकडे वळवायचे की चूक झाल्याचे कळवायचे, हे सर्व विनंती हाताळण्यात मोडते. हे ठरल्यानंतर उरते ते एवढेच की हाती आलेल्या माहितीला टेम्पलेट, म्हणजे पानाचा साचा, वापरून एचटीएमएलचे रूप द्यायचे. काट्यावरचा माणूस वजन घेतो आणि मुनीम पट्टी लिहितो. पट्टी लिहिता लिहिता मुनीम उठून पुन्हा काटा करायला जात नाही. पहिल्या कामात नकार देण्याची मुभा असते, दुसऱ्यात ती नसते, आणि पुढची जवळजवळ सगळी उत्तरे याच एका भेदातून निघतात.

आमच्याकडे टेम्पलेटच्या फाइली स्वतंत्र फोल्डरमध्ये आहेत. मग ही विभागणी झालीच ना?

बहुतेक वेळा झालेली नसते. फाइली वेगळ्या ठेवल्याने कोड वाचायला सोपा जातो हे खरे, परंतु येथे मुद्दा जागेपेक्षा वेळेचा अधिक आहे. टेम्पलेटमध्ये पट्ट्यांच्या यादीवर लूप फिरत असेल आणि प्रत्येक फेरीत शेतकऱ्याचे नाव मागताच पाठीमागे डेटाबेसवर एक क्वेरी, म्हणजे माहितीची मागणी, धावत असेल, तर विनंती हाताळण्याचे काम संपलेलेच नाही. ते गुपचूप टेम्पलेटमध्ये चालू आहे. फोल्डर दोन असले तरी काम एकच राहिले.

यासाठी एक साधी परीक्षा सुचवावीशी वाटते. टेम्पलेटला जी माहिती दिली जाते ती हातात आल्यावर डेटाबेसची जोडणी तोडून टाकावी आणि मग पान तयार होते का ते पाहावे. झाले, तर विभागणी खरी आहे. मध्येच कोसळले, तर ज्या ओळीवर कोसळले ती ओळ चुकीच्या बाजूला आहे. जॅंगोमध्ये ही परीक्षा आयतीच मिळते, कारण त्यातील सिंपलटेस्टकेस हा चाचणीवर्ग डेटाबेसला हात लावू देत नाही. टेम्पलेटला नमुन्याची माहिती देऊन त्या वर्गाखाली पान बनवून पाहिले की लपलेली क्वेरी लगेच उघडी पडते.

पान अर्धे गेल्यावर चूक सापडली तर काय होते?

एचटीटीपीच्या उत्तरात क्रम ठरलेला असतो: आधी स्टेटसची ओळ (विनंतीचे काय झाले ते सांगणारा कोड), मग हेडर (उत्तराविषयीच्या सूचना), मग मजकूर. मजकुराचा पहिला बाइट वाटेला लागला की स्टेटस बदलता येत नाही, कुकी ठेवता येत नाही आणि दुसऱ्या पानाकडे वळवताही येत नाही. त्यामुळे पान छापता छापता मध्येच लक्षात आले की या वापरकर्त्याला हा व्यवहार पाहण्याचा अधिकार नाही, तर अर्धवट पान आणि २०० हा यशाचा कोड ब्राउझरकडे केव्हाच पोहोचलेला असतो.

पीएचपीमध्ये हीच अडचण "हेडर्स ऑलरेडी सेंट" या प्रसिद्ध इशाऱ्याच्या रूपाने दिसते. तो इशारा कधी येतो आणि कधी येत नाही, याने अनेकांचा गोंधळ होतो. पीएचपीसोबत येणाऱ्या नमुना कॉन्फिगरेशन फाइलींत आउटपुट बफर (पाठवण्याआधी मजकूर साठवण्याची जागा) ४०९६ बाइटचा असतो. पान तेवढ्यात मावत असेल तर हेडर नंतर पाठवण्याची चूक झाकली जाते. पान त्यापुढे गेले की बफर रिकामा होतो, हेडर निघून जातात आणि तोच कोड तक्रार करू लागतो. त्यातही देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते, म्हणजे निव्वळ मराठी मजकूर धरला तर तेराशे-चौदाशे चिन्हांतच बफर भरतो. इंग्रजी मजकुरावर तपासलेले पान मराठी केल्याबरोबर मोडते, किंवा दसऱ्याच्या सुमारास चार पट्ट्यांवर नीट चालणारे पान हंगाम भरात आल्यावर मोडते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. बफर वाढवणे हा उपाय नव्हे. त्याने चूक पुढच्या हंगामावर ढकलली जाते.

जावाच्या सर्व्हलेटमध्येही, म्हणजे विनंती हाताळणाऱ्या जावा प्रोग्राममध्येही, असेच घडते. तेथे प्रतिसाद एकदा "कमिट" झाला, म्हणजे त्याचे हेडर रवाना झाले, की दुसऱ्या पानाकडे फॉरवर्ड करण्याचा प्रयत्न इल्लीगलस्टेटएक्सेप्शन फेकतो. तंत्र कोणतेही असो, उपाय एकच आहे: ज्या गोष्टी फसू शकतात किंवा निर्णय बदलू शकतात, त्या सगळ्या पानाचे पहिले अक्षर तयार होण्याआधी उरकाव्यात.

पान रिफ्रेश केल्यावर एकाच गाडीची पट्टी दोनदा नोंदली जाते. हे कसे थांबवावे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचे मूळही याच सरमिसळीत आहे. घडते ते असे: काट्यावरचा ऑपरेटर रिकाम्या गाडीचे वजन भरून "जतन करा" दाबतो. सर्व्हर नोंद करतो आणि त्याच उत्तरात पट्टीचे पान तयार करून पाठवतो. ब्राउझरच्या दृष्टीने हे पान पोस्ट विनंतीचे, म्हणजे माहिती नोंदवायला पाठवणाऱ्या विनंतीचे, फळ असते. प्रिंटरमध्ये कागद अडकला म्हणून ऑपरेटर एफ ५ दाबतो, ब्राउझर "फॉर्म पुन्हा पाठवायचा का" असे विचारतो, मागे गाड्यांची रांग असल्यामुळे ऑपरेटर न वाचताच "होय" म्हणतो, आणि त्याच शेतकऱ्याच्या नावावर तीच गाडी दुसऱ्यांदा चढते. संध्याकाळी गंजीचा आणि पट्ट्यांचा मेळ बसत नाही.

यावरची रूढ पद्धत म्हणजे पोस्टच्या उत्तरात पान द्यायचेच नाही. नोंद झाली की नव्या पट्टीचा पत्ता देऊन ब्राउझरला तिकडे वळवायचे. ब्राउझर गेट विनंतीने, म्हणजे फक्त माहिती मागणाऱ्या विनंतीने, तो पत्ता मागतो आणि तेव्हा पान तयार होते. आता एफ ५ कितीही वेळा दाबले तरी फक्त पान पुन्हा मागवले जाते. वळवण्यासाठी ३०३ हा कोड वापरावा. ३०२ मिळाल्यावर बहुतेक ब्राउझर पोस्टचे गेट करतात ते रूढीने. ३०३ चा अर्थच "उत्तर तिकडे आहे, ते गेटने घ्या" असा आहे. याउलट ३०७ मध्ये मूळ पद्धत तशीच राहते, म्हणजे पोस्ट पुन्हा पोस्टच जाते, त्यामुळे येथे तो चालणार नाही. "पट्टी जतन झाली" असा संदेश पुढच्या पानावर दाखवायचा असेल, तर रेल्समधील फ्लॅश किंवा जॅंगोमधील मेसेजेस ही सोय त्यासाठीच आहे.

मात्र एक इशारा द्यायला हवा. या पद्धतीने रिफ्रेशचा प्रश्न सुटतो, दोनदा दाबलेल्या बटणाचा सुटत नाही. सातपुड्याच्या बाजूला, धडगाव किंवा अक्कलकुव्याकडे, नेटवर्क रेंगाळते तेव्हा माणूस उत्तराची वाट न पाहता बटण पुन्हा दाबतो आणि दोन स्वतंत्र पोस्ट विनंत्या निघतात. त्यासाठी फॉर्म दाखवतानाच त्यात एक अनन्य क्रमांक ठेवावा आणि डेटाबेसमध्ये त्या क्रमांकावर युनिक बंधन (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न स्वीकारण्याचा नियम) घालावे. दुसरी विनंती आली की बंधन आडवे येते आणि सर्व्हर निमूटपणे पहिल्याच पट्टीकडे वळवतो. केवळ जावास्क्रिप्टने बटण बंद करण्यावर विसंबून राहू नये.

गेट विनंतीत एखादी छोटी नोंद केली तर बिघडते काय? उदाहरणार्थ, पट्टीचे पान उघडताच "छापली" असा शिक्का मारला तर?

बिघडते. गेट विनंती कोण, केव्हा आणि किती वेळा करील यावर आपला ताबा नसतो. ब्राउझर पान आगाऊ मागवून ठेवू शकतो, आणि पट्टीचा उघडा दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला तर त्याची झलक दाखवण्यासाठीही तो पत्ता मागितला जातो. पान तयार करताना जगात काही बदलता कामा नये. "छापली" ही नोंद हवी असेल तर छपाईच्या बटणावर स्वतंत्र पोस्ट विनंती ठेवावी.

हा विचार आला तरी कोठून?

मॉडेल (माहिती), व्ह्यू (तिचे दृश्य) आणि कंट्रोलर (वापरकर्त्याची कृती हाताळणारा भाग) ही त्रयी वेबच्या आधीची आहे. नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्स्काउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेसाठी ती मांडली. तेथे पडद्यावरचे चित्र सतत जिवंत असे आणि मॉडेल बदलले की तेही बदलत असे. वेबवर मात्र प्रत्येक विनंतीला पान नव्याने घडवावे लागते, म्हणून नाव तेच राहिले तरी वेबवरच्या व्यवस्थेचे स्वरूप बदलले.

वेबवरची पहिली पिढी उलट दिशेची होती. १९९३ मध्ये आलेल्या सीजीआयमध्ये (सर्व्हरने बाहेरचा प्रोग्राम चालवण्याच्या पद्धतीत) प्रोग्रामच स्वतः एचटीएमएलच्या ओळी छापत असे. १९९५ चे पीएचपी आणि त्यानंतरचे एएसपी व जेएसपी यांनी ते उलटवून एचटीएमएलमध्येच प्रोग्राम पेरला. दोन्हींत विनंती आणि पान एकजीव होते. जावाच्या गोटात जेएसपीच्या आरंभीच्या दस्तऐवजांनी "मॉडेल १" आणि "मॉडेल २" अशा दोन रचना सांगितल्या; दुसरीत सर्व्हलेट विनंती हाताळतो आणि जेएसपी केवळ पान घडवते. २००० च्या सुमारास आलेल्या स्ट्रट्सने ती रूढ केली. पुढे २००४ मध्ये रेल्स आणि २००५ मध्ये जॅंगो लोकांसमोर आले आणि हीच वाटणी सर्वसामान्य झाली. जॅंगोमध्ये विनंती हाताळणाऱ्या भागाला व्ह्यू आणि पानाला टेम्पलेट म्हणतात, म्हणून रेल्समधून येणाऱ्याने जॅंगोचा व्ह्यू म्हणजे आपला कंट्रोलर असे समजून चालावे.

या सगळ्यांत मला सर्वांत स्वच्छ वाटते ती आज फारशी कोणी आठवत नसलेली पोर्टलेटची, म्हणजे पानातील स्वतंत्र छोट्या भागांची, रचना. २००३ च्या जेएसआर १६८ या मानकाने क्रिया आणि रेंडर हे दोन टप्पेच वेगळे केले. एका पानावर अनेक पोर्टलेट असत. वापरकर्त्याने एकात काही केले की आधी त्या एकाचीच क्रिया पूर्ण होई आणि त्यानंतरच सर्वांचे रेंडर सुरू होई. पोर्टल मागे पडले, पण पुढे रीमिक्स या फ्रेमवर्कने ॲक्शन आणि लोडर अशी जी जोडी दिली तिच्यात तोच क्रम पुन्हा दिसतो: ॲक्शन संपली की लोडर नव्याने माहिती आणतात.

टेम्पलेटमध्ये तर्क किती चालेल? काही जण "अजिबात नको" म्हणतात.

या बाबतीत टोकाची भूमिका घेणारेही आहेत. टेरेन्स पार यांनी २००४ मध्ये टेम्पलेट इंजिनांनी ही विभागणी सक्तीने पाळायला लावावी असे शोधनिबंधात मांडले आणि स्ट्रिंगटेम्पलेट हे इंजिन त्या तत्त्वावर घडवले. मस्टॅश हे आणखी एक इंजिन स्वतःला तर्कविरहित म्हणवते. मला एवढी सक्ती गरजेची वाटत नाही. यादी रिकामी असेल तर "आज खरेदी नाही" असे दाखवणे, एक सोडून एक ओळ रंगवणे, कटती शून्य असेल तर तो रकाना न दाखवणे, हा पानाचाच तर्क आहे आणि तो टेम्पलेटमध्येच शोभतो.

रेषा ओढायची ती निर्णयावर. "ओलावा मर्यादेपेक्षा जास्त असेल तर इतकी कटती" हा व्यवहाराचा नियम आहे. तो टेम्पलेटमध्ये लिहिला तर पडद्यावर एक रक्कम, छापील पट्टीवर दुसरी आणि शेतकऱ्याला गेलेल्या एसएमएसमध्ये तिसरी, असा प्रसंग ओढवतो. अधिकाराचेही तसेच आहे. "पट्टी रद्द करा" हे बटण दाखवायचे की नाही यासाठी टेम्पलेटला केवळ हो किंवा नाही असे उत्तर मिळावे; भूमिका, तारीख, रक्कम यांची तुलना तेथे नको. आणि बटण लपवले म्हणून अधिकार तपासला असे होत नाही, रद्द करण्याची विनंती आल्यावर तो पुन्हा तपासावाच लागतो.

पट्ट्यांच्या यादीचे पान फार संथ आहे. याचा या विषयाशी संबंध आहे का?

अगदी थेट आहे. समजा, दिवसाच्या ३०० पट्ट्यांची यादी दाखवायची आहे आणि प्रत्येक ओळीत शेतकऱ्याचे नाव आणि गाव हवे आहे. यादीसाठी १ क्वेरी, प्रत्येक पट्टीच्या शेतकऱ्यासाठी १ आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या गावासाठी १, म्हणजे एकूण ६०१ क्वेरी एका पानासाठी धावतात. टेम्पलेटमध्ये लिहिलेले असते फक्त पट्टी, टिंब, शेतकरी, टिंब, गाव. लिहिणाऱ्याला तो साधा मजकूर वाटतो, पण मागे ओआरएम (डेटाबेसच्या ओळींना प्रोग्राममधील वस्तूंचे रूप देणारा भाग) दर वेळी डेटाबेसकडे धाव घेत असते.

उपाय म्हणजे पानाला काय लागणार आहे ते विनंती हाताळतानाच ठरवून एकदम आणणे. जॅंगोमध्ये सिलेक्ट रिलेटेड हे जोड लावून एकाच क्वेरीत आणते आणि प्रीफेच रिलेटेड वेगळ्या क्वेरीने सगळे एकत्र आणते. रेल्समध्ये इन्क्लूड्स हेच काम करते. शिवाय मागाहून होणारे लोडिंग बंद करण्याचीही सोय आता आहे: रेल्स ६.१ पासून स्ट्रिक्ट लोडिंग, लारावेलच्या आठव्या आवृत्तीपासून प्रिव्हेंट लेझी लोडिंग. विकासाच्या काळात या दोन्ही चालू ठेवाव्यात. पहिले काही दिवस चुकांचा भडिमार होईल, तो होऊ द्यावा.

जावाच्या जगात याच्या नेमका उलटा मार्ग लोकप्रिय झाला. हायबरनेट या जावातील ओआरएमचे सेशन (डेटाबेसशी चाललेला संवाद) मिटल्यावर टेम्पलेटने माहिती मागितली की लेझीइनिशियलायझेशनएक्सेप्शन येते, म्हणून पान पूर्ण होईपर्यंत सेशन उघडेच ठेवायचे अशी "ओपन सेशन इन व्ह्यू" ही पद्धत निघाली. स्प्रिंग बूटमध्ये ती मुळातच चालू असते आणि ॲप्लिकेशन सुरू होताना त्याबद्दल लॉगमध्ये इशाराही येतो, जो फारसे कोणी वाचत नाही. माझ्या मते ते अपवादाचे संदेश म्हणजे फुकट मिळालेला परीक्षक होता आणि या पद्धतीने त्याचे तोंड बंद केले.

व्यवहाराचे ट्रान्झॅक्शन पान तयार होईपर्यंत उघडे ठेवावे का?

ठेवू नये. जॅंगोचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ॲटॉमिक रिक्वेस्ट्स ही सोय चालू केली की प्रत्येक व्ह्यू ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळे बदल एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द करणाऱ्या गटात, गुंडाळला जातो. परंतु व्ह्यूने टेम्पलेटरिस्पॉन्स परत केला, तर पान व्ह्यू संपल्यानंतर तयार होते आणि ते काम ट्रान्झॅक्शनच्या बाहेर घडते. म्हणजे टेम्पलेटमध्ये एखादी क्वेरी लपून राहिली असेल, तर ती वेगळ्या क्षणाचा डेटाबेस पाहते. वरची बेरीज आणि खालची यादी जुळत नाही असा विचित्र प्रकार हंगामाच्या गर्दीत कधीतरीच दिसतो आणि शोधायला गेले की सापडत नाही. माहिती आधीच पूर्ण गोळा केलेली असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

टेम्पलेटरिस्पॉन्स किंवा मॉडेलअँडव्ह्यू यांचा नेमका उपयोग काय?

यांत "कोणते पान आणि कोणती माहिती" एवढेच उत्तर परत जाते. पान अजून घडलेले नसते. जॅंगोमध्ये टेम्पलेटरिस्पॉन्स २०११ च्या १.३ आवृत्तीपासून आहे, तर स्प्रिंगमध्ये मॉडेलअँडव्ह्यू जुनाच आहे. मधल्या काळात मिडलवेअरला (विनंती आणि उत्तर यांच्या वाटेवर बसणाऱ्या कोडला) माहितीत भर घालता येते किंवा टेम्पलेटच बदलता येतो. मोबाइलवरून आलेल्या शेतकऱ्याला तीच पट्टी सुटसुटीत रूपात आणि मुनिमाला पूर्ण तक्त्यात दाखवायची असेल, तर निर्णयाचा कोड न हलवता हे साधते. स्प्रिंगच्या इंटरसेप्टरमधील पोस्टहँडल ही पायरी याच फटीत बसते. मात्र उत्तर थेट जेसॉन (प्रोग्रामने वाचायची माहिती) म्हणून लिहिले जात असेल, तर पोस्टहँडलपर्यंत येताना प्रतिसाद लिहून झालेला असतो, हे विसरू नये.

प्रत्येक पानाच्या माथ्यावर लॉगिन केलेल्याचे नाव आणि आजचा भाव दाखवायचा आहे. तो प्रत्येक ठिकाणी का द्यावा?

देण्याची गरज नाही. जॅंगोमध्ये कॉन्टेक्स्ट प्रोसेसर आणि लारावेलमध्ये व्ह्यू कंपोझर यांसाठीच आहेत. फक्त तेथे जड क्वेरी ठेवू नये, कारण चूक दाखवणाऱ्या पानासाठीही त्या धावतात. डेटाबेस बंद पडल्याचे पान डेटाबेसअभावी कोसळले, हे पाहण्याची वेळ येऊ नये.

वजन, रक्कम आणि तारीख यांना मराठी रूप कोणी द्यावे?

बाहेर जाताना पानाने, आत येताना विनंती हाताळणाऱ्याने. सर्व्हरच्या आत १२३४५६७ हा निव्वळ आकडा असावा आणि टेम्पलेटजवळ त्याचे १२,३४,५६७ व्हावे. कंट्रोलरमध्येच त्याची देवनागरी अक्षरमाला करून ठेवली की पुढे बेरीज करता येत नाही, क्रम लावता येत नाही आणि तीच माहिती जेसॉनने मागणाऱ्या मोबाइल ॲपला ती पुन्हा उलगडत बसावी लागते. आयसीयू या भाषांनुसार आकडे-तारखा मांडणाऱ्या लायब्ररीवर आधारलेल्या सोयी मराठी लोकेल (भाषेची निवड) दिल्यावर सहसा देवनागरी अंकच देतात, त्यामुळे हे काम हाताने करण्याचेही कारण नाही.

आत येणाऱ्या आकड्यांकडे मात्र डोळेझाक होते. ऑपरेटरचा कीबोर्ड मराठीवर असेल तर वजनाच्या रकान्यात "२४५०" येऊ शकते. पायथनचे इंट हे फंक्शन ते बरोबर वाचते. पीएचपीमध्ये पूर्णांकात रूपांतर केले तर शून्य मिळते आणि जावास्क्रिप्टचे नंबर फंक्शन "आकडा नाही" असे सांगते. तिघांपैकी पीएचपीची गप्प चूक सर्वांत महाग, कारण शून्य किलोची पट्टी बिनबोभाट निघते. अंकांचे हे सरळीकरण तपासणीच्याही आधी व्हावे.

फॉर्ममध्ये चूक असेल तर पोस्टच्याच उत्तरात पान द्यावे का?

होय, हा मान्य अपवाद आहे. काहीच नोंदले गेलेले नसल्यामुळे भरलेली माहिती आणि चुकांचे संदेश घेऊन तोच फॉर्म पुन्हा दाखवावा. स्टेटस ४२२ (आलेली माहिती स्वीकारता येत नाही) द्यावा. रेल्स ७ मधील तयार कोडही तसेच करतो, कारण त्यातील टर्बो हा भाग २०० हा कोड आल्यास फॉर्मचे उत्तर दाखवत नाही. वापरकर्त्याने लिहिलेला मजकूर जसाच्या तसा परत दाखवावा, पण एस्केप करूनच, म्हणजे त्यातील चिन्हे एचटीएमएल म्हणून चालणार नाहीत अशी करून.

आम्ही रिॲक्ट वापरतो आणि पान ब्राउझरमध्ये तयार होते. मग हे सर्व गैरलागू नाही का?

पान घडण्याची जागा बदलली, क्रम बदलला नाही. कंपोनंट (पानाचा एक तुकडा) रेंडर होत असताना त्यातूनच सर्व्हरकडे विनंत्या जात असतील, तर वर सांगितलेल्या ६०१ क्वेरींचा प्रश्न आता नेटवर्कवरून घडतो आणि तो कितीतरी अधिक खर्चिक असतो. एका पडद्याला लागणारी माहिती एकाच विनंतीत देणारा पत्ता सर्व्हरवर असावा.

मोठी यादी हळूहळू पाठवायची असेल तर?

संपूर्ण हंगामाच्या पट्ट्या सीएसव्हीमध्ये देताना सगळे आधी गोळा करणे परवडत नाही, तेथे स्ट्रीमिंग योग्यच आहे. तेव्हा अधिकार आणि तारखांची तपासणी पहिल्या बाइटच्या आधी करावी, पहिली क्वेरीही तेव्हाच उघडून पाहावी आणि शेवटच्या ओळीत एकूण पट्ट्यांची संख्या लिहावी. मध्येच जोडणी तुटली तर स्टेटस बदलता येणार नाही, पण फाइल अपुरी आहे हे मुनिमाला शेवटची ओळ नसल्यावरून कळेल.

चार पानांच्या लहान संकेतस्थळालाही हे करावे का?

फॉर्म नसेल, लॉगिन नसेल आणि माहिती फक्त दाखवायची असेल तर एवढा खटाटोप नको. एका फाइलमध्ये सगळे लिहिले तरी काही बिघडत नाही. पहिला पोस्ट फॉर्म आला की मात्र विचार करावा.

दहा वर्षांचे जुने पीएचपी ॲप्लिकेशन आहे. नव्याने लिहिणे शक्य नाही. सुरुवात कोठून करावी?

फ्रेमवर्क बदलण्यापासून नक्कीच करू नये. एक पान निवडावे, शक्यतो जेथे पैसे किंवा वजन नोंदले जाते ते, आणि त्याच फाइलमध्ये मध्यावर एक आडवी रेष काढावी. इनपुट वाचणे, अधिकार, तपासणी, क्वेरी आणि वळवणे हे सारे रेषेच्या वर न्यावे. खाली फक्त व्हेरिएबलमधील माहिती छापणारे एचटीएमएल राहू द्यावे. रेषेवर डेटाबेसची जोडणी बंद करणारी ओळ घालावी. पीएचपीचे सेशन (लॉगिनसारखी माहिती विनंत्यांदरम्यान जपणारी सोय) वापरत असाल तर तेही तेथेच लिहून बंद करावे, कारण पीएचपीचे फाइलमधील सेशन विनंती संपेपर्यंत कुलूप धरून ठेवते आणि त्याच ऑपरेटरचा दुसरा टॅब तोपर्यंत ताटकळतो. पान न मोडता चालले की रेषेखालचा भाग वेगळ्या फाइलमध्ये उचलून न्यावा. ते आता केवळ कापणे आणि चिकटवणे असते.

हे काम हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात हाती घ्यावे आणि नोंदीचे पान झाले की यादीच्या पानांकडे वळावे. डॉट मॅट्रिक्सवर निघणाऱ्या हिशोबपट्टीचे पान शेवटी ठेवावे, कारण तेथे एक जास्तीची मोकळी ओळ गेली तरी सगळे आकडे छापील रकान्यांच्या बाहेर सरकतात आणि त्याची तपासणी कागद घालूनच करावी लागते.